टायर बदलायची वेळ झाली हे ओळखायचं कसं? (नक्षी शिल्लक, पण वय सात वर्षं)

वाकडचा_वाटसरू

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून नागपूरला सासुरवाडीला जायचं आहे. बरोबर बायको आणि दोन मुलं, मोठी सहा वर्षांची, धाकटा दोनचा. वाट अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि तिथून समृद्धी. गाडी २०१९ ची हॅचबॅक. ऑफिसला मी कंपनीच्या बसने जातो, त्यामुळे इतक्या वर्षांत जेमतेम २९ हजार किलोमीटर झालेत. टायर शोरूममधून आले तेच आहेत.

परवा अलाइनमेंटला (चाकं सरळ रेषेत करून घ्यायला) गेलो तर दुकानदार म्हणाला, "चारही काढा साहेब, रबर सुकलंय." मला तर नक्षी चांगली दिसते. सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "टायर पन्नास हजार चालतो, तो तुम्हाला गिऱ्हाईक करतोय." दोघांपैकी खरं कोणाचं?

मला उगाच खर्च नको आहे, पण मागच्या सीटवर मुलं असताना शंका घेऊनही निघायचं नाही. दुकानदारावर न विसंबता, आपलं आपल्याला बघून कसं ओळखता येईल ते सांगा.

---

शून्यखड्डे

नक्षी आहे ना? मग चालवा. माझ्या टायरांनी ६२ हजार दिलेत.

---

घाटमाथा

@शून्यखड्डे, तुमचे ६२ हजार किती वर्षांत झाले ते सांगा. तीन-चार वर्षांत झाले असतील तर गोष्ट वेगळी. धागाकर्त्यांचा टायर धावून झिजलेला नाही, उभ्या उभ्या म्हातारा झालाय. रबरावर ऊन आणि हवा सतत काम करत असतात, गाडी चालो वा न चालो. उलट चालत्या टायरमधलं संरक्षक मेण पृष्ठभागावर येत राहतं आणि रबर तडकण्यापासून जरा वाचतं. उभी गाडी जास्त लवकर तडकते.

वाटसरू, पहिलं काम हे करा. टायरच्या बाजूवर इंग्रजी अक्षरांची एक ओळ असते, तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. उदाहरणार्थ ३२१८ म्हणजे २०१८ सालातला ३२वा आठवडा. ही तारीख टायरच्या एकाच बाजूला असते. बाहेर दिसली नाही तर ती आतल्या बाजूला गेलेली आहे, गाडीखाली वाकून बॅटरी मारा. गाडी २०१९ ची म्हणून टायर २०१९ चा, असं धरू नका.

साधारण रिवाज असा की पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यायचा आणि दहाव्या वर्षानंतर नक्षी कितीही असली तरी वापरायचा नाही. काही कार कंपन्या सहा वर्षांतच बदला म्हणतात. आपल्याकडचं ऊन बघता मी स्वतः सहाच्या पुढे जात नाही.

---

सोनचाफा

घाटमाथा यांना +१. आकड्यांचं आणखी एक कारण. मी मागच्या वर्षी दोन "नवीन" टायर घेतले. घरी येऊन आकडे वाचले तर तीन वर्षांपूर्वीचे! दुकानाचं नाव लिहीत नाही. परत गेले, बिल दाखवलं, भांडले आणि बदलून आणले. तेव्हापासून टायर रिमवर चढवण्याआधी मी आकडे वाचते, मगच हो म्हणते. एकदा चढवला की दुकानदार ऐकत नाही.

---

डेपोतली_पोर

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, महाबळेश्वर आणि वाई घाटात बरीच वर्षं. गाडी ताब्यात घेतली की आधी हातात लोखंडी दांडा घेऊन एक फेरी मारायचे. मागच्या जोडचाकांत आतलं चाक दिसत नाही, म्हणून दांड्याने ठोकून आवाज ऐकायचे. हवा पुरती असेल तर दांडा टणकन उडतो, कमी असेल तर भद्द वाजतो. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर डेपोत जायचे तेव्हा मलाही ठोकायला द्यायचे आणि विचारायचे, "काय म्हणतोय?"

कारला दांड्याने ठोकायची गरज नाही, पण ती फेरी मारायची सवय मला त्यांच्याकडून लागली. गाडीत बसण्याआधी चारही चाकांवरून नजर. एखादं चाक जरा बसल्यासारखं दिसलं तर लगेच कळतं. आणि महिन्यातून एकदा नक्षीवरून तळहात फिरवते, आडवा, दोन्ही दिशांना. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट गेलेली असते. डोळ्यांना दिसायच्या खूप आधी हाताला कळतं.

---

जुना_पाना

डेपोतली_पोर, वडिलांना नमस्कार सांगा. गेली बावीस वर्षं मी टायरच्याच कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नक्षीच्या खोल चरांत मध्ये मध्ये आडवे छोटे बांध असतात. ते कुठे आहेत ते दाखवायला टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोण किंवा खूण असते. नक्षी झिजून त्या बांधांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली. चारचाकीला आपल्याकडच्या कायद्याने त्याखाली चालत नाही. नव्या टायरला ७-८ मिलिमीटर असते. पण मी गिऱ्हाइकाला सांगतो, पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरच्या खाली आला असेल तर काढा. कोरड्या रस्त्यावर तो टायर तक्रार करणार नाही, पाण्यात करेल.

आता झीज कशी वाचायची. फक्त मधोमध झिजला असेल तर हवा कायम जास्त राहिली. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी होती, बहुतेक गाड्यांत मला हेच दिसतं. एकच कड झिजली तर अलाइनमेंट. आणि ती कड बहुधा आतली असते! उभ्याने बघणाऱ्याला बाहेरची नक्षी छान दिसते आणि आत तारा निघालेल्या असतात. म्हणून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून ठेवा, खाली उतरा आणि पुढच्या चाकाची आतली बाजू बघा. मागच्यासाठी गाडीखाली बॅटरी मारा. ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर टायरला दोष देऊ नका, शॉकअप बघा. शॉकअप न बदलता नवा टायर टाकला तर त्यालाही तेच खळगे पडतात.

बाजूला फुगा आला असेल तर विषय संपला. खड्ड्याच्या कडेवर रिम आणि रस्ता यांच्यात टायर चेपला की आतले दोरे तुटतात आणि हवा फक्त रबराच्या आधारावर राहते. त्याला दुरुस्ती नाही. असा टायर घेऊन हायवेला जायचं नाही, गावातल्या गावात दुकानापर्यंतच.

तडे: अंगठ्याच्या नखाने बाजू थोडी दाबून बघा. वरवरच्या केसासारख्या रेषा असतील तर लक्ष ठेवा. नक्षीच्या चरांच्या तळाशी तडे असतील किंवा तडा दाबल्यावर उघडत असेल तर काढा. वाटसरू, तुमच्या दुकानदाराने "रबर सुकलंय" म्हटलं ते यावरून असू शकतं. चरांच्या तळाशी नीट बघा आणि इथे सांगा.

---

वऱ्हाडी_ठेचा

मे महिन्यात नागपूर म्हणता? इथे टायरआधी माणसाची हवा जाते बाप्पा. पहाटे निघा, दुपारी गाडी सावलीत लावा आणि आलात की पुडाची वडी खाल्ल्याशिवाय परतू नका.

कामाचं सांगतो. समृद्धीवर ड्रायव्हर लोक नेहमी म्हणतात, उन्हाळ्यात रस्ता तापतो, हवा फुगते, म्हणून दोन-तीन पॉइंट (गेजवरचे पीएसआय) कमी ठेवून निघायचं. मीही तसंच करतो.

---

घाटमाथा

@वऱ्हाडी_ठेचा, कृपा करून हे करू नका. मी तळमळीने लिहितोय, कारण नेमका हाच सल्ला तोंडी फिरत असतो.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू जास्त दबते आणि सुटते. ताशी १२० च्या वेगाला चाक सेकंदाला सतरा-अठरा वेळा फिरतं. इतक्या वेळा वाकून वाकून बाजू आतून तापते आणि रबर व दोरे एकमेकांना सोडायला लागतात. बाहेरचं ऊन त्यात भर घालतं, पण मुख्य आग आतली असते. समृद्धीवर नागमोडी वळण नाही, सिग्नल नाही, गाव नाही, तासन् तास तोच वेग. टायरला गार व्हायला उसंतच मिळत नाही.

हवा तापल्यावर वाढते हे खरं. साधा हिशेब: दर १० अंश सेल्सिअसला साधारण दीड पॉइंट. सकाळी ३३ भरली आणि टायर ३० अंशांनी तापला तर ३८ च्या आसपास जाईल. हे कंपनीने आधीच धरलेलं असतं. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर स्टिकर आहे, त्यावरचा आकडा थंड टायरचा. पूर्ण माणसं आणि सामान असेल तर त्याच स्टिकरवर मागच्या चाकांना वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो, तोच भरा. आणि मध्ये थांबल्यावर गेज ३८ दाखवतंय म्हणून हवा सोडू नका. गार झाल्यावर ती ३३ च्याही खाली जाईल.

---

वऱ्हाडी_ठेचा

पटलं. मी आजवर उलटं करत होतो. उद्या सकाळी थंड गाडीत स्टिकरप्रमाणे भरतो. आमच्या गावातल्या दोन ट्रॅक्सवाल्यांनाही सांगतो.

---

बाळबोध

नायट्रोजन भरल्यावर ही भानगड राहत नाही ना?

---

जुना_पाना

राहते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच फुगतात. नायट्रोजन कोरडा असतो आणि जरा हळू झिरपतो, एवढाच फायदा. तोटा असा की नायट्रोजन भरलेला माणूस दोन-दोन महिने हवा बघतच नाही, आणि वाटेत कमी असली तरी "साधी हवा कशी भरू" म्हणून तसाच पुढे जातो. खुशाल भरा, मिसळली तरी काही बिघडत नाही. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, ती दर पंधरा दिवसांनी घेतली तरी टायर सुखी.

मात्र पंपावरच्या गेजवर डोळे झाकून विश्वास नको. स्वतःचं एक छोटं गेज गाडीत ठेवा.

---

रत्नांग्रीकर

आमच्याकडची तऱ्हा वेगळी. कोकणात आम्ही टायर बदलतो ते पावसाच्या आधी, मे अखेरीस. आंबा घाटात रस्त्यावरून पाण्याचे ओहोळ वाहतात. चरांचं काम ते पाणी बाजूला फेकायचं. चर उथळ झाले की पाणी टायरखाली अडकतं आणि गाडी त्यावर तरंगते. एकदा अनुभव घेतलाय, साखरप्याच्या अलीकडे. स्टिअरिंग अचानक हलकं झालं, हातात काही लागेना. ब्रेक मारला नाही, नुसता पाय काढला, दोन क्षणांत टायर टेकले. बायको शेजारी होती, तिला कळलंही नाही. मी पुढच्या टपरीवर थांबून दहा मिनिटं नुसता बसलो होतो. टायरवर नक्षी २ मिलिमीटरच्या आसपास होती, म्हणजे कायद्याने पास!

अजून एक कोकणी तक्रार. चिखलातून आल्यावर दुसऱ्या दिवशी हायवेला ८०-९० ला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंगला धावतात. आधी रिमच्या आतल्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा. चिखल वाळून एका बाजूला चिकटलेला असतो. तो गेला की थरथर गेली.

---

म्युनिकवासी

इथे जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह टायरवर असावं लागतं. लोक साधारण ऑक्टोबर ते ईस्टर असा हिशेब ठेवतात. इथेही कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटरच, पण हिवाळी टायर ४ च्या खाली गेला की मेकॅनिक बदला म्हणतो.

मला याचा खरा फायदा वेगळाच वाटतो. वर्षातून दोनदा चारही चाकं गाडीवरून उतरतात, त्यामुळे आतली बाजू आपोआप बघितली जाते. पुण्यात असताना माझ्या गाडीचं चाक पंक्चर झाल्याशिवाय कधी उतरलंच नाही. तुम्ही दर दहा हजारांना चाकांची अदलाबदल करता तेव्हा समोर उभे राहून आतली बाजू दाखवायला सांगा.

---

शून्यखड्डे

अवांतर: स्टेपनी हा शब्द कुठून आला माहीत आहे का? वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. १९०४ च्या सुमारास तिथल्या दुकानातून जादा चाक विकायला सुरुवात झाली, तेच नाव पडलं. तिथले लोक आता तो शब्द फारसा वापरत नाहीत, आपण मात्र शंभर वर्षांहून जास्त काळ डिकीत घेऊन फिरतोय.

आणि घाटमाथा, मी हिशेब केला. माझे ६२ हजार चार वर्षांत झाले होते. तुमचा मुद्दा मान्य.

---

सोनचाफा

स्टेपनीवरून आठवलं, तिची हवा कोण बघतं? नाशिकहून येताना रात्री पंक्चर, जॅक लावला, पाना चालवला, स्टेपनी बसवली, जॅक काढला आणि स्टेपनी रस्त्यावर सपाट! ती कधीच तपासली नव्हती. हायवेवरच्या केरळी अण्णांच्या दुकानाने रात्री साडेअकराला शटर उघडलं म्हणून घरी पोहोचलो. चहासुद्धा पाजला त्यांनी. वाटसरू, पाचव्या चाकाचेही आकडे वाचा. काही गाड्यांत स्टेपनी बारीक असते आणि तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते, तेही बघा.

---

बाळबोध

चारही एकदम परवडत नसतील आणि दोनच टाकायचे असतील तर पुढेच ना? इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे.

---

घाटमाथा

नाही, नवे दोन मागे. सगळ्यांना हे उलटं वाटतं, मलाही वाटायचं. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की बहुतेकदा आवरते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते आणि साध्या माणसाला ती आवरत नाही. म्हणून चांगली पकड मागे.

---

जुना_पाना

बरोबर. आणि नवा टायर टाकताना व्हॉल्व्हही नवा टाकून घ्या. रबरी व्हॉल्व्ह टायरबरोबरच म्हातारा होतो. शंभर-दीडशे रुपयांसाठी लोक जुना ठेवतात आणि मग हळूहळू हवा जाते म्हणून टायरला नावं ठेवतात. साइज बदलायची हौस असेल तर बाजूवरचा आकडा आणि अक्षरही जुळवा. ८५टी मध्ये ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो भार आणि टी म्हणजे ताशी १९० पर्यंत. याहून कमीचा घ्यायचा नाही.

---

वाकडचा_वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. आज रविवारी सकाळी मुलीला बॅटरी धरायला घेऊन खाली उतरलो. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितो.

आकडे: चारही टायर ४६१८, म्हणजे गाडीपेक्षाही आधीचे. दोघांचे आकडे आतल्या बाजूला निघाले. नक्षी बाहेरून छान. स्टिअरिंग वळवून बघितलं तर पुढच्या डाव्या टायरची आतली कड बांधापर्यंत झिजलेली, बाहेरून याचा मागमूस नाही. मागच्या दोन्ही टायरांच्या चरांच्या तळाशी तडे आहेत आणि दाबल्यावर उघडतात. हवा: पुढे २९ आणि २७, मागे २८ आणि २८. स्टिकरवर ३३ आहे. स्टेपनीत १४.

२७ हवा, आतून झिजलेली कड, आणि मी ताशी १२० ने निघणार होतो. मुलगी विचारत होती, "बाबा, हा टायर आजारी आहे का?" मी हो म्हटलं.

दुपारीच चार नवे टाकले, या वर्षातले, आकडे आधी वाचून. व्हॉल्व्ह नवे. अलाइनमेंट, बॅलन्सिंग. जुन्यांपैकी उजवीकडचा पुढचा त्यातल्या त्यात बरा होता, तो स्टेपनीत टाकावा का?

---

जुना_पाना

नको. स्टेपनीत जो आहे तो न वापरलेला असेल तर त्याचे तडे बघा आणि तोच ठेवा, फक्त हवा भरून. जमेल तेव्हा पाचवाही घ्या. आणि नव्या टायरवर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जरा सबुरीने, वरचा गुळगुळीत थर जायला हवा. नागपूरला निघण्याआधी गावातल्या गावात तेवढे फिरवून घ्या.

---

डेपोतली_पोर

मुलीला बॅटरी धरायला नेलंत हे वाचून फार बरं वाटलं. वडिलांना आत्ताच वाचून दाखवलं. ते म्हणाले, टायर दगा देत नाही, आधी सांगतो, आणि वाटेत तरीही फुटलाच तर ब्रेकवर उभं राहायचं नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा आणि गाडीला तिच्या तिच्या वेगाने कडेला येऊ द्यायचं.

---

वाकडचा_वाटसरू

काल रात्री नागपूरला सुखरूप पोहोचलो. संभाजीनगरला मुक्काम केला. तिथून पहाटे निघताना थंड टायरमध्ये ३३, मागे स्टिकरप्रमाणे ३६. दोन तासांनी विश्रांतीला थांबलो तेव्हा पुढे ३७, मागे ४०. घाटमाथांचा हिशेब जवळपास जुळला, हवा सोडली नाही. वेग १०० च्या वर नेला नाही. वऱ्हाडी_ठेचा, पुडाची वडी आज सकाळी झाली.

सासऱ्यांना हा सगळा धागा वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर कपाटातून बॅटरी काढली आणि माझ्या मुलीला घेऊन खाली त्यांच्या गाडीपाशी गेले. दहा मिनिटांनी वर आले आणि म्हणाले, "एक्केचाळीस चौदा." उद्या सकाळी ऊन व्हायच्या आत आम्ही दोघं दुकानात जातोय.